त्रिकर्णी मॅट्रिक्स: जाळी बारीक केली की आयगेन मूल्यं बिघडतात, असं का?

लोलक
एकमितीय श्रोडिंगर समीकरण, हार्मोनिक ऑसिलेटर. एककं अशी घेतली आहेत की नेमकी उत्तरं ०.५, १.५, २.५ अशी यावीत. क्ष −१० ते १०, पायरी ह. मुख्य कर्णावर १/ह² + क्ष²/२, उपकर्णावर −१/(२ह²). म्हणजे सममित त्रिकर्णी मॅट्रिक्स (मुख्य कर्ण आणि त्याला लागून असलेले दोन उपकर्ण सोडून बाकी सगळं शून्य). तिची आयगेन मूल्यं म्हणजेच ऑसिलेटरच्या ऊर्जा पातळ्या.

ह = ०.०१ (आकार १९९९): पायथनच्या नम्पाय लायब्ररीतल्या साध्या आयग-एचने (सममित मॅट्रिक्सची आयगेन मूल्यं काढणारं फंक्शन) पहिलं मूल्य ०.४९९९९६८७५.
ह = ०.००१ (आकार १९,९९९): आयग-एच मेमरीअभावी कोसळतं. सायपायचं आयग-एच-ट्रायडायगोनल वापरलं, ०.४९९९९९९६९ मिळालं.
ह = ०.०००१ (आकार १,९९,९९९): इथे ०.४९९९९९९९९७ यायला हवं होतं. आठव्या दशांशाच्या आसपास आकडे भरकटतात, आणि ड्रायव्हर (आतून चालणारं रुटीन) बदलला की वेगळेच भरकटतात.

प्रश्न असे: कोणता ड्रायव्हर खरा धरायचा? टॉलरन्स (किती चूक चालेल ती मर्यादा) १०^−१४ दिला तरी ढिम्म फरक नाही, असं का? आणि मला पहिली दहाच मूल्यं हवी आहेत, त्यासाठी दोन लाख काढावी लागतात का?

उपकर्ण
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, तो सोपा आहे. नाही, काढावी लागत नाहीत. सिलेक्ट 'आय' द्या आणि रेंज (०, ९). मोजणी शून्यापासून, दोन्ही टोकं धरून. 'व्ही' दिलंत तर मूल्यांचा पट्टा द्यायचा. त्यात खालचं टोक वगळलं जातं आणि वरचं धरलं जातं. पट्ट्याचं टोक नेमकं एखाद्या मूल्यावर ठेवू नका.

मेमरीबद्दल: पूर्ण मॅट्रिक्स म्हणजे न² × ८ बाइट. न = १९,९९९ ला ३.२ जीबी, आणि १,९९,९९९ ला ३२० जीबी. त्रिकर्णीला दोनच ओळी लागतात, दोन लाखांनाही ३.२ एमबी. सगळे आयगेन सदिश मागितलेत तर मात्र तीच ३२० जीबी परत दारात उभी.

ड्रायव्हरांची नावं लॅपॅक या मॅट्रिक्स-गणिताच्या लायब्ररीतली आहेत, सायपाय आतून तीच वापरतं. सुरुवातीचा 'डी', म्हणजे दुहेरी अचूकता, सोडून बोलू:

स्टर्फ: फक्त मूल्यं, सगळीच्या सगळी. क्यूआर पद्धतीचं वर्गमूळ टाळणारं रूप.
स्टेक्यूआर: क्यूआर, सदिशांसकट. सदिश हवे असतील तर काम न³ च्या प्रमाणात.
स्टेडीसी: तोडा आणि जोडा. मूळ कल्पना कुप्पेन यांची, १९८१ ची.
स्टेब्झ: द्विभाजन. हवी तेवढीच मूल्यं.
स्टाइन: स्टेब्झच्या मूल्यांवरून व्यस्त पुनरावृत्तीने सदिश.
स्टेमर: ढिल्लों आणि पार्लेट यांची एमआरआरआर पद्धत. सगळे सदिशही न² च्या प्रमाणात.

सायपायमध्ये 'ऑटो' ठेवलं तर काही भागच मागितल्यावर स्टेब्झ चालतं; सगळं मागितल्यावर कोणतं चालतं ते आवृत्तीवर अवलंबून (जुन्या आवृत्त्यांत स्टेमर). टॉलरन्स वाचतं फक्त स्टेब्झ, बाकीच्यांना तो पोचतच नाही. तुमचा टॉलरन्स वाया जाण्याचं हे एक कारण. खरं कारण वेगळं आहे, ते कुणीतरी सांगेलच, मी जेवायला चाललो.

अवशेष
सांगतो. यातला कुठलाच ड्रायव्हर खोटं बोलत नाहीये.

ही सगळी रुटीनं एकच हमी देतात: आलेली मूल्यं तुमच्या मॅट्रिक्सची नसली तरी तिच्या अगदी शेजारच्या मॅट्रिक्सची आहेत, आणि शेजार म्हणजे मशीन एप्सिलॉन (दुहेरी अचूकतेतली सापेक्ष राउंडिंगची पातळी) गुणिले मॅट्रिक्सचा नॉर्म (तिच्या आकारमानाचं माप, इथे सर्वांत मोठ्या आयगेन मूल्याइतकं), फार तर त्याच्या काही पट. सममित मॅट्रिक्समध्ये जितका बदल कराल त्याहून जास्त कुठलंही मूल्य हलत नाही. पण तेवढं हलू शकतं, मग ते मूल्य ०.५ असो की दोन कोटी.

तुमचा नॉर्म साधारण २/ह² आहे. एप्सिलॉन २.२ × १०^−१६. आता दोन चुका शेजारी मांडा. सूत्राची चूक पहिल्या मूल्यासाठी ह²/३२ इतकी उणी आहे (का ते खाली), आणि राउंडिंगची पातळी ४.४ × १०^−१६/ह²:

ह = ०.०१: सूत्र ३.१ × १०^−६, राउंडिंग ४.४ × १०^−१२
ह = ०.००१: सूत्र ३.१ × १०^−८, राउंडिंग ४.४ × १०^−१०
ह = ०.०००१: सूत्र ३.१ × १०^−१०, राउंडिंग ४.४ × १०^−८

तिसऱ्या ओळीत पारडं फिरलं. दोन्ही समान होतात ते ह = ०.०००३४ च्या आसपास, तेव्हा चूक ३.७ × १०^−९ आणि आकार सुमारे ५८,०००. त्याहून बारीक जाळी म्हणजे जास्त कष्ट करून वाईट उत्तर. राउंडिंगचा आकडा अंदाजी पातळी आहे, प्रत्यक्षात थोडा कमी-जास्त येईल, पण दिशा तीच.

ह²/३२ चा हिशेब: मध्य-फरक सूत्र संवेग वर्गाच्या जागी (प² − ह²प⁴/१२) बसवतं. अर्धं केलं की जादा पद −ह²प⁴/२४, आणि तळाच्या अवस्थेत प⁴ ची सरासरी ३/४. गुणाकार −ह²/३२. तुमचा ०.४९९९९६८७५ अचूक तिथेच बसतो. वरच्या पातळ्यांना ही चूक (२न² + २न + १) पट होते, न शून्यापासून. दहाव्या मूल्याला १८१ पट! म्हणजे ह = ०.०१ ला ९.५ ऐवजी ९.४९९४. पहिलंच मूल्य तपासून समाधान मानणाऱ्यांनी हे बघावं.

आणि स्टेब्झचा टॉलरन्स शून्य ठेवला तर ते स्वतःच एप्सिलॉन गुणिले नॉर्म घेतं. त्याखाली उतरून उपयोग नाही, कारण मोजणीतच तेवढा गोंगाट आहे.

लोलक
म्हणजे मॅट्रिक्सला ह² ने गुणून नॉर्म २ वर आणला तर?

अवशेष
काही होणार नाही. नॉर्म लहान झाला तसं मूल्यही लहान झालं. ०.५ × १०^−८ शोधताय आणि गोंगाट ४.४ × १०^−१६. गुणोत्तर जसंच्या तसं.

घनमूळ
मला एक कळत नाही, ह = ०.०००१ हवाच कशाला?

ह = ०.०१ आणि ०.००५ अशा दोन जाळ्यांवर काढा, आकार १९९९ आणि ३९९९. मग (४ × बारीक − जाड)/३. रिचर्डसनची जुनी युक्ती, ह² चं पद उडतं. उरतं ते ह⁴ चं. तळाच्या मूल्यासाठी त्याचा गुणांक −१/५१२, म्हणजे रिचर्डसननंतर सूत्राची चूक ५ × १०^−१२ च्या घरात. बारीक जाळीचा राउंडिंग गोंगाट १.८ × १०^−११. एकंदर दहा दशांश स्थळं पक्की, तीही डोळ्याची पापणी लवते न लवते तोच. दोन लाख आकाराच्या जाळीने आठही नीट दिली नव्हती.

वरच्या पातळ्यांना ह⁴ चं पद वाढतं. दहावं मूल्यही तितकंच अचूक हवं असेल तर तिसरी जाळी ०.००२५ ची घेऊन आणखी एक पायरी करा. त्यापुढे राउंडिंग वर येतं, थांबा.

स्टर्म_मोजणी
घनमूळ यांच्याशी सहमत. तरी उत्तर तपासायला स्वतःची मोजणी लिहून ठेवा, पाच ओळींचं काम आहे. मुख्य कर्ण अ, उपकर्ण ब, तपासायचं मूल्य म:

द(१) = अ(१) − म
द(क) = अ(क) − म − ब(क−१)²/द(क−१)

उणे आलेले द मोजा. जितके उणे, तितकी आयगेन मूल्यं म पेक्षा लहान. ०.४९९९ ला शून्य आणि ०.५००१ ला एक आलं की पहिलं मूल्य त्या फटीत कोंडलं गेलं, ड्रायव्हर काहीही म्हणो. द्विभाजन म्हणजे हीच मोजणी पन्नासेक वेळा. प्रत्येक पायरीत एक भागाकार, आणि तो आधीच्या भागाकाराची वाट बघतो, त्यामुळे प्रोसेसरला समांतर काही करता येत नाही. तरीही दोन लाख आकार, दहा मूल्यं, फार तर ११ कोटी भागाकार. सेकंदभराचा मामला.

लोक इथे दोन ठिकाणी अडखळतात. पहिलं, पुस्तकातला निश्चयकांचा रिकर्शन जसाच्या तसा लिहितात. ते आकडे शे-दीडशे ओळींतच ओव्हरफ्लो होऊ शकतात. वरचं गुणोत्तराचं रूपच वापरा. दुसरं, एखादा द शून्य येतो. लॅपॅक अशा वेळी फार छोट्या द च्या जागी ठरावीक छोटी उणी संख्या बसवतं, तुम्हीही तेच करा.

आणि सी किंवा फोरट्रानमध्ये लिहीत असाल तर कंपायलरचा फास्ट-मॅथ पर्याय (वेगासाठी आकडेमोडीचे नियम सैल करणारा) या फाइलला लावू नका. लॅपॅकच्या नव्या मोजण्या लूपमध्ये काहीही न तपासता सरळ धावतात आणि शेवटी 'नॅन' (संख्याच नाही असं उत्तर) आला का एवढंच बघतात. फास्ट-मॅथमध्ये कंपायलर 'नॅन' येतच नाही असं गृहीत धरून ती तपासणीच काढून टाकतो. मग मोजणी चुकते आणि एररही येत नाही.

लोलक
रिचर्डसन करून पाहतो. पण कुतूहल म्हणून विचारतो, त्या बारीक जाळीवरच राउंडिंगची पातळी फोडता येते का?

स्टर्म_मोजणी
येते, आणि तुमच्या मॅट्रिक्समध्ये तर सुंदर येते. अडचण कुठे आहे बघा: १/ह² = १० कोटी, त्यात क्ष²/२ मिळवताय. बेरीज करताक्षणी क्ष²/२ चे शेवटचे आकडे गेले, सुमारे १.५ × १०^−८ च्या टप्प्यांत गोल झाले. म्हणजे रुटीनला हाक मारण्याआधीच माहिती हरवली. म्हणून ती बेरीज करायचीच नाही.

ब(क) ला उपकर्णाचा धन आकडा, १/(२ह²), म्हणा. प्रत्येक ओळीची बेरीज स(क) वेगळी ठेवा: मधल्या ओळींत ती नुसती क्ष²/२ आहे, पहिल्या आणि शेवटच्या ओळीत क्ष²/२ + १/(२ह²). मग एलडीएल विघटन (मॅट्रिक्स = खालची त्रिकोणी × कर्ण × त्याच त्रिकोणीची पक्षांतरित) असं करा:

ट(१) = स(१), द(१) = ब(१) + ट(१)
ट(क) = स(क) + ब(क−१) × ट(क−१)/द(क−१)
द(क) = ब(क) + ट(क), शेवटच्या ओळीत ब = ०

कुठेही वजाबाकी नाही, सगळ्या संख्या धन. त्यामुळे प्रत्येक द सापेक्ष अर्थाने अचूक. आता मोजणी मूळ मॅट्रिक्सवर न करता या विघटनावर:

र(१) = −म
ध(क) = द(क) + र(क)
र(क+१) = र(क) × (ब(क)²/द(क))/ध(क) − म

उणे ध मोजा, द्विभाजन नेहमीसारखं. लहान मूल्यं आता नॉर्मच्या नाही, स्वतःच्या आकाराच्या मापाने अचूक येतात. अट एकच: विभव (इथे क्ष²/२) कुठेही उणे नको. असेल तर त्याचा तळ शून्यावर आणा आणि शेवटी तो फरक परत मिळवा.

एमआरआरआरच्या मुळाशी हेच आहे. लहान मूल्यांची माहिती मॅट्रिक्सच्या कर्णांपेक्षा त्याच्या विघटनात जास्त शाबूत राहते. तुम्ही कर्ण दिलेत तर मात्र स्टेमरही हतबल, बेरीज आधीच झालेली असते.

पवईचा_प्रवासी
जाता जाता: यातले इंदरजित ढिल्लों आयआयटी मुंबईचे. बर्कलीतला त्यांचा १९९७ चा पीएचडी प्रबंध याच विषयावर आहे.

उपकर्ण
जेवून आलो तर धागा बराच पुढे गेला. सदिशांबद्दल कुणी बोललं नाही, आणि खरी फसगत तिथे होते.

स्टेब्झ आणि स्टाइन ही जोडी थोड्या सदिशांना ठीक. पण स्टाइन जवळजवळच्या मूल्यांचे सदिश एकमेकांना लंब करून घेतं, आणि 'जवळ' म्हणजे नॉर्मचा हजारावा भाग. मुख्य कर्ण २ आणि उपकर्ण −१ घ्या: नॉर्म ४, 'जवळ' म्हणजे ०.००४. आकार १०,००० असेल तर सरासरी अंतर ०.०००४. म्हणजे सगळी मूल्यं एकाच घोळक्यात, आणि काम न³ वर जातं. मॅट्रिक्स त्रिकर्णी असून वेळ पूर्ण मॅट्रिक्सइतका का लागतो, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच. सदिशही हवेत आणि संख्या बरीच असेल तर सायपायमध्ये ड्रायव्हर हाताने 'स्टेमर' द्या. ते 'आय' आणि 'व्ही' दोन्ही घेतं.

अवशेष
दुरुस्ती नाही, भर. सगळेच सदिश हवे असतील तर स्टेमर की स्टेडीसी हा वाद आहे. २००८ साली डेमेल, मार्केस, पार्लेट आणि व्हेमेल यांनी लॅपॅकच्या चारही पद्धती घासून पाहिल्या. स्टेमर जवळपास नेहमीच सगळ्यांत कमी गणिती क्रिया करतं, पण स्टेडीसीच्या क्रिया मोठ्या मॅट्रिक्स गुणाकारात बसतात म्हणून भराभर होतात. अचूकतेत क्यूआर आणि स्टेडीसी सरस, चूक न च्या वर्गमुळाच्या प्रमाणात; द्विभाजन आणि स्टेमरची न च्या प्रमाणात. लंबता कडक हवी असेल आणि मेमरी असेल तर मी स्टेडीसी घेतो. त्याला सदिशांच्या जागेशिवाय आणखी न² + ४न + १ इतकी कामाची जागा लागते, तर स्टेमरचं १८न मध्ये भागतं.

तपासताना दोन्ही गोष्टी तपासा: मॅट्रिक्स गुणिले सदिश वजा मूल्य गुणिले सदिश, आणि सदिशांची आपसातली लंबता. पहिली सुंदर आणि दुसरी भिकार असं होऊ शकतं. त्यासाठी विल्किन्सनची २१ आकाराची मॅट्रिक्स हाताशी ठेवा: मुख्य कर्ण १०, ९, … १, ०, १, … १०, उपकर्ण सगळे १. सर्वांत मोठी दोन मूल्यं १०.७४६१९४१८२९०३३२२ आणि १०.७४६१९४१८२९०३३९३. उपकर्णात शून्य नसेल तर मूल्यं वेगळी असतातच, हे खरं. पण 'वेगळी' म्हणजे किती, हे या जोडीकडे बघून कळतं.

सीचा_कारकून
सी मधून थेट लॅपॅक वापरणाऱ्यांसाठी, कारण हे दस्तऐवजात असूनही कुणी वाचत नाही:

स्टेमरला उपकर्णाचा अ‍ॅरे न लांबीचा लागतो, न−१ नाही. शेवटच्या घरात काही भरायची गरज नाही, पण रुटीन ते कामासाठी वापरतं. न−१ दिलात तर शेजारची मेमरी खराब होते आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी पडतो. स्टेमरला आतून हाक मारणाऱ्या स्टेव्हआरला न−१ चालतो, म्हणून एकाच्या जागी दुसरं घालताना नेमकं हेच घडतं.

स्टर्फ, स्टेक्यूआर, स्टेमर तुमचे मूळ अ‍ॅरे पुसून टाकतात. तपासणीसाठी प्रत आधी काढा. स्टेब्झ पुसत नाही.

स्टेब्झला क्रम 'बी' दिला तर मूल्यं तुकड्यातुकड्यांनी लागतात, एकूण चढत्या क्रमाने नाही. स्टाइनला 'बी'च हवा. उपकर्णात कुठेही शून्याजवळचा आकडा नसेल तर दोन्ही क्रम सारखे दिसतात, म्हणून चाचणीत सगळं पास होतं आणि प्रत्यक्ष डेटावर सदिश भलत्या मूल्यांना चिकटतात.

लोलक
रिचर्डसनने काम झालं, १९९९ आणि ३९९९ वर. विघटनाची मोजणीही लिहिली, ह = ०.०००१ ला आता ०.४९९९९९९९९७ येतं.

शेवटचं एक. कडेला जाळी विरळ, मध्ये दाट अशी असमान पायरी घेतली तर मॅट्रिक्स सममित राहत नाही. मग हे सगळं बाद का?

स्टर्म_मोजणी
बाद नाही. समोरासमोरच्या दोन उपकर्ण घटकांचा गुणाकार धन असेल तर त्या दोघांच्या जागी गुणाकाराचं वर्गमूळ ठेवा, मूल्यं तीच राहतात. क्रमाने पायऱ्या ह१, ह२, ह३ असतील तर ह२ च्या दोन टोकांना जोडणारा घटक

−१/(ह२ × √((ह१ + ह२)(ह२ + ह३)))

होतो, आणि मुख्य कर्णावर १/(ह१ × ह२) + विभव. तिन्ही समान धरून पाहा, तुमचाच −१/(२ह²) परत येतो.

सदिश मात्र बदलतात. रुटीन जे देईल त्याला √((ह१ + ह२)/२) ने भागा, मग खरं तरंगफल मिळेल. हा भाजक म्हणजे समलंब नियमातल्या वजनाचंच वर्गमूळ. त्यामुळे रुटीनने दिलेल्या सदिशाची लांबी १ असली की भागाकारानंतर तरंगफलाचं समाकलनही आपोआप १ येतं. पुन्हा नॉर्मलाइझ करायला जाऊ नका.